खालच्या फळीवरची बॅटरी

हर्षा रडली नाही, हे सगळ्या टोल्याला ठाऊक होतं. टोला तो केवढा! आंबागडच्या किल्ल्याखाली, गावापासून जंगलाच्या बाजूला सरकलेली पंधरा-वीस घरं, एक विहार, एक विहीर. एका घरात फोडणी बसली की शेजारच्या घरात शिंक यायची. अशा ठिकाणी एका बाईचा नवरा जातो आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही, ही गोष्ट लपून कशी राहणार? सुरुवातीला बाया म्हणाल्या, धक्का बसला आहे, येईल रडू. तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही ती भिंतीला टेकून कोरडीच बसली, तेव्हा म्हणू लागल्या, पोरगी दगड आहे. पुढे तेही म्हणायचं सोडलं. माणसं एकाच गोष्टीचं नवल करणार तरी किती?

खुद्द हर्षाला त्याचंही काही वाटत नव्हतं. खरं म्हणजे तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. ती उठायची, सारवायची, भात शिजवायची, जंगलात जायची. भाजीत मीठ कमी पडलं तर सासरे मंगरू न बोलता वरून मीठ घ्यायचे. तिला मात्र ती भाजी अळणी आहे की खारट, हेच कळत नसे.

धम्मदीप, तिचा नवरा, धान कापणीच्या दिवसांत गेला. टोल्यापर्यंत विजेची तार कधी आली नव्हती. मध्ये जंगल होतं आणि त्या जंगलापायी कागद इकडून तिकडे फिरत होते. तेव्हा धम्मदीपनंच खेटे घालून सोलरचा संच आणवला होता. विहाराच्या मागे सिमेंटची खोली, तिच्या छतावर सोलरच्या पट्ट्या, आत दोन लोखंडी फळ्यांवर चार मोठ्या बॅटऱ्या: दोन वरच्या फळीवर, दोन खालच्या. घरोघरी एकेक दिवा आणि विहारात दोन. संच चालवायचं शिक्षण तोच घेऊन आला आणि बॅटऱ्यांना असा जपू लागला की आई पार्वताबाई म्हणायची, "बायकोपरीस त्याईचेच लाड जास्त करून रायला हा."

बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी तुमसरच्या दुकानात संपलं होतं, म्हणून तो मोटारसायकलीनं भंडाऱ्याला गेला. पाण्याची कॅन घेतली, आणि इतक्या दूर आलोच आहोत तर सासूला भेटून जाऊ म्हणून पुढे शहापूरला, हर्षाच्या माहेरी गेला. परतताना हायवेवर ट्रकनं उडवलं. गाडीचा चोळामोळा झाला. कॅनला मात्र ओरखडाही नव्हता. पंचनामा झाल्यावर कोणीतरी ती घरी आणून ठेवली, आणि ती हर्षाच्या बाजेखाली गेली ती तिथंच राहिली. फेकायची कशी, वापरायची कशी, कोणालाच कळेना.

तो गेला त्याच संध्याकाळी हर्षा विहारामागच्या खोलीत गेली आणि तिनं मोठं बटण खाली ओढलं. टोला अंधारला. दुःखाचं घर आहे, म्हणून लोकांनी चिमण्या काढल्या, कंदील पुसले. पुढे एखाद-दुसऱ्यानं आडून विचारलं. हर्षा म्हणायची, "पाहू." खोलीची चावी घराच्या दाराजवळच्या खुंटीला लटकत होती. तिनं पुन्हा तिला हात लावला नाही. वैशाखात बुद्ध जयंती आली, ती विहारात मेणबत्त्यांवर साजरी झाली.

तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. पहाटे पानं तोडून आणायची आणि दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे. अशाच एका दुपारी मंगरू पुडा बांधता बांधता म्हणाले, "सोलरचे सायेब येऊन राहिले म्हनते पुढच्या महिन्यात. तपासाले."

"कायले?" हर्षानं विचारलं.

"संच बंद असंन तं काढून नेतीन. दुसऱ्या गावाले देतीन." त्यांनी पुडा घट्ट आवळला. मंगरू कमी बोलणारे आणि करारी. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि त्या दिवसापासून या घरात ना कोणापुढे नारळ फुटला, ना मेलेल्या माणसासाठी उंबऱ्यावर पाणी ठेवलं गेलं. स्वतःचा मुलगा गेला तेव्हाही मंगरूंनी ते ठेवू दिलं नाही. "दिवा लागलाच पायजे, असं मी म्हनत नाही बाई," ते म्हणाले, "पन त्यानं लावला होता. तो असा उचलून नेतीन..." ते दुसरा पुडा बांधू लागले.

हर्षा उठली आणि खुंटीवरची चावी काढून खोलीकडे गेली.

दार उघडताच आंबूस वास आला. वरच्या फळीवरच्या दोन बॅटऱ्यांवर धूळ होती आणि तारांच्या टोकांना निळसर-पांढरा बुरा चढला होता. खालच्या दोन मात्र वेगळ्याच दिसत होत्या. त्यांच्या बुचांभोवती तपकिरी डाग होते, खालचं सिमेंट खडबडीत होऊन सोललं होतं. तिनं बुचं उघडली. वरच्यांतलं पाणी जरा उतरलं होतं. इतके महिने कोणी बघितलं नाही म्हटल्यावर ते उतरणारच. खालच्या दोन काठोकाठ भरल्या होत्या.

कोपऱ्यात ती काचेची पिचकारी होती. वर रबरी फुगा, आत तरंगणारी कांडी, कांडीवर लाल, पांढरा, हिरवा पट्टा. पूर्वी धम्मदीप फुगा दाबून बॅटरीतलं पाणी ओढायचा आणि हर्षा कंदील धरून रंग सांगायची. हिरवा म्हणजे भरलेली, पांढरा म्हणजे अर्धपोटी, लाल म्हणजे उपाशी. ती "हिरवा" म्हणाली की तो म्हणायचा, "पुढची." एवढाच त्यांचा संवाद असायचा, पण महिन्यातून एकदा होणाऱ्या त्या संवादाची हर्षा वाट बघायची. आज तिनंच फुगा दाबला. वरच्या दोन्ही लाल. खालच्यांत कांडी तळाला जाऊन बसली, तरंगलीच नाही.

खालच्यांतलं थोडं पाणी तिनं प्लास्टिकच्या बाटलीत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तुमसर गाठलं. बॅटरीवाला भोजराज धम्मदीपचा ओळखीचा, तोंडाळ पण मनाचा बरा. त्यानं बाटली उजेडात धरून हलवली. तळाशी काळसर गाळ फिरला.

"हे छताचं गळकं पानी नोहे," तो म्हणाला. "हे विहिरीचं आहे. तुमच्या तिकडच्या पान्यात खाणीतलं मँगनीज उतरते, भांडे काळे होतेत पाहा. बॅटरीले हे जहर आहे. कोनं पाजलं?"

"मालूम नाही."

"ज्यानं पाजलं त्यानं मनापासून पाजलं. खालच्या दोन गेल्या, आता त्याईचं काही होत नाही. वरच्या वाचतीन." त्यानं बोट वर केलं. "पन पयले खालच्याईची तार तोड. मेलेली बॅटरी जित्तीले खाते. दुसरं, वरच्याईले एकदम करंट देऊ नको. उपाशी मानसाले पोटभर वाढलं तं मरते तो. पेज पाजतेत ना त्याले? तशी एकाच पट्टीवर लाव. दिवसभर थोडं-थोडं, मंग आराम. हाताले गरम लागली का सोड. आन पानी शुद्धच टाकजो. आहे काय तुयाजवळ?"

"आहे," हर्षा म्हणाली.

घरी येऊन तिनं बाजेखालची कॅन ओढून काढली. झाकणाची कडी तोडताना आतून काहीतरी हलेल, असं तिला वाटलं होतं. काही हललं नाही. कडी तुटल्याचा आवाज झाला, एवढंच. तिनं वरच्या दोन बॅटऱ्यांत ते पाणी बेताबेतानं ओतलं, खालच्यांच्या तारा सोडवल्या, बुरा सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि एक पट्टी जोडली. मग सवयच झाली. सकाळी पत्ता तोडून आलं की जोडायचं, दुपारी हात लावून बघायचं, उन्हं कलली की सोडायचं. पहिले काही दिवस कांडी जागची हलेना. हर्षालाही घाई नव्हती. न हलणाऱ्या गोष्टीची तिला सवय होती.

राग मात्र आला होता. महिन्यांनंतर आलेली ती पहिलीच गोष्ट, आणि ती इतकी अनोळखी होती की ताप आला असेल असं वाटून तिनं कपाळाला हात लावून पाहिला. कोणी पाजलं ते पाणी? चावी खुंटीला होती, घराचं दार सताड उघडं असायचं. कोणीही येऊन घेऊ शकत होतं. कोणाला धम्मदीपचं बरं बघवत नव्हतं? ती विहिरीवर बायांचे हात बघू लागली. टोल्यातल्या प्रत्येकावर तिनं मनातल्या मनात एकदा तरी आळ घेतला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं चाललं होतं.

मग एका सकाळी तिनं सासूचं लुगडं धुवायला घेतलं. काठाजवळ भोकं होती, बारीक, गोल, कडा पिवळट. चुलीची ठिणगी उडाली असेल, असं म्हणून याआधीही तिनं ती धुतली होती. पण त्या दिवशी बोट त्या भोकातून गेलं आणि तिचा हात थांबला. अशी भोकं तिनं पूर्वी कितीदा रफू केली होती. धम्मदीपच्या प्रत्येक पँटीच्या गुडघ्याखाली अशीच असायची. ठिणगीची कड काळी असते. ही बॅटरीच्या तेजाबाची होती.

त्या संध्याकाळी ती खोलीच्या आडोशाला उभी राहिली. पार्वताबाई कमरेत वाकलेली, हातात पितळी लोटा, सावकाश आली. दारात चपला काढल्या. खाली बसून तिनं खालच्या बॅटरीचं एक बूच उघडलं आणि पाणी ओतायला लागली. पाणी वर येऊन सांडलं, तेव्हा थांबली. पोट भरलं, अशा समाधानानं तिनं बूच लावलं. कमरेच्या बाकामुळे वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोहोचतच नव्हता. वरच्या दोघी वाचल्या त्या तेवढ्यामुळे.

"आत्याबाई," हर्षा म्हणाली, "काय करून रायल्या?"

म्हातारी दचकली, पण लपवलं नाही. "पानी पाजून रायलो वं. त्याईले."

"कायले?"

"आता काय सांगू! तो नाही म्हने काय, माय, बॅटरीले तान लागली असंन, पानी पाजून येतो मंग जेवतो? आता तो नाही. तू इकडं पायत नाही. तं कोन पाजंन त्याईले?" तिनं लोटा पदरानं पुसला. "घरात तं पानी ठेवता येत नाही. तुये मामाजी रागावतेत. आन बरोबर आहे त्याईचं, आपल्यात नाही चालत ते. मी कुठं मेलेल्याले ठेवून रायलो? मी तं बॅटरीले पाजून रायलो."

"पन बाजेखाली कॅन होती ना, शुद्ध पान्याची."

"ते त्याचं होतं," पार्वताबाई म्हणाली. "त्याले मी कसा हात लावू?"

तुम्हीच मारल्या त्या, असं एक वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, चांगलं धार लावलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणाऱ्यांतली ती नव्हती, पण त्या क्षणी बोलली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. तिनं त्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मुलाच्या मागे जे शिल्लक राहिलं त्याला या बाईनं रोज पाणी पाजलं होतं. आणि आपण बटण खाली ओढल्यावर त्या खोलीचं दारही उघडून पाहिलं नव्हतं. वाक्य तसंच गिळलं गेलं. राग कुठं गेला ते तिला कळलं नाही, पण तो गेल्यावर पुन्हा सगळं बधिर झालं.

"वरच्याईले नका पाजू," ती एवढंच म्हणाली. "वरच्या माह्या."

"बरं," म्हातारी म्हणाली. "खालच्या माह्या."

दुसऱ्या दिवशी हर्षानं खालच्या दोन्ही बॅटऱ्या बाहेर ओढल्या. टोल्यापासून लांब खड्डा खणून त्यात चुना टाकला आणि आतलं सगळं त्यात ओतलं. एक बॅटरी तशीच बाजूला ठेवली. दुसरी सोड्याच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळली, फेस यायचा थांबेपर्यंत. मग तिच्यात साधं पाणी भरलं आणि ती परत खालच्या फळीवर नेऊन ठेवली. तार जोडली नाही. आता ते पाणी कितीही सांडलं तरी लुगड्याला भोक पडणार नव्हतं.

वरच्या दोघी हळूहळू उठत होत्या. एका दुपारी पांढरा पट्टा दिसला. पुढे काही दिवसांनी, तिनं फुगा दाबून सोडला आणि कांडी वर येऊन डुलायला लागली. "हिरवा," हर्षा मोठ्यानं म्हणाली. मग ती वाट बघत बसली. कोणी "पुढची" म्हणालं नाही. ती बराच वेळ पिचकारी तशीच हातात धरून होती.

साहेब आले ते भर उन्हात, जीपमधून. मध्यमवयीन, घामाघूम, स्वभावानं सरळ माणूस. सगळा टोला खोलीपुढे जमला. हर्षानं मोठं बटण वर ढकललं आणि विहारातला दिवा लागला. उन्हात त्याचा उजेड तो काय दिसणार! तरी बायांनी आत वाकून वाकून पाहिलं. साहेबांनी मशीन लावून बॅटऱ्या तपासल्या आणि मान डोलावली.

"दोन चांगल्या आहेत. संच चालू आहे, म्हणजे हलवायचा प्रश्न नाही. पण खालच्या दोन कशा काय गेल्या? कोणी विहिरीचं पाणी घातलं होतं का?"

गर्दीत चुळबूळ झाली. पार्वताबाई पुढेच उभी होती. तिनं साहेबांकडे पाहिलं, मग हर्षाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरू लागला. तिला अर्थ कळायला लागला होता.

"मी घातलं," हर्षा म्हणाली. "मालूम नव्हतं मले."

जिनं महिनोन् महिने धम्मदीपच्या हाताखाली रंग सांगितले, तिला हे मालूम नव्हतं, यावर टोल्यात एक पोरही विश्वास ठेवणार नव्हतं. सगळ्यांनी तो ठेवला. मंगरू मात्र आपल्या बायकोच्या लुगड्याच्या काठाकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"मग या दोन्ही मेलेल्या मी गाडीत टाकून नेतो," साहेब म्हणाले.

"एक न्या," हर्षा म्हणाली. "ही राहू द्या."

"अहो, ती पार गेली आहे. तिचा उपयोग काय?"

"राहू द्या सायेब," मंगरू मागून म्हणाले. "जागा आहे."

संध्याकाळी घरोघरी दिवे लागले. निम्म्या बॅटऱ्यांवर चालायचं, म्हणून मंद होते, पण होते. पार्वताबाई चुलीपुढे बसून होती. लोटा पालथा पडला होता. आणि आज ती खोलीकडे जाणार नाही, हे हर्षाला तिच्या पाठीवरूनच समजलं.

अंगणातून मंगरू आत आले. त्यांनी लोटा उचलला, माठावर फडकं धरून गाळून पाणी भरलं आणि बायकोपुढे ठेवला.

"घेऊन जा वं," ते म्हणाले. "वाट पाहात असंन."

म्हातारीनं तोंड वर केलं. "मीच मारल्या ना त्या?"

मंगरूंनी लोटा तिच्याकडे आणखी सरकवला. मग हर्षाच उठली. तिनं एका हातात लोटा घेतला आणि दुसऱ्या हातानं सासूला उठवलं. दोघी विहारामागे गेल्या. वरच्या फळीवरच्या बॅटऱ्या काम करत होत्या, त्यांच्या तारा घट्ट होत्या. खालची एकटी, बिनतारेची. पार्वताबाई खाली बसली, पण आज तिच्यानं बूच निघेना. हर्षानं ते काढलं.

"तू पाज आज," म्हातारी म्हणाली.

हर्षानं लोटा तिरका केला. पाणी आत गेलं, वर आलं, काठावर टेकलं. इथं थांबायचं असतं. ती थांबली नाही. पाणी सांडलं, फळीवरून खाली आलं, तिच्या पायांवर आलं. भंडाऱ्याहून शहापूर, शहापूरहून हायवे. एवढ्या उन्हातून तो पाण्याची कॅन घेऊन येत होता, आणि वाटेत तिच्याच आईकडे त्यानं घोटभर पाणी तरी घेतलं होतं की नाही, हे तिनं आजवर कोणालाच विचारलं नव्हतं.

"पी," ती म्हणाली. "पी ना रे. किती तान लागली तुले!"

आणि तिचा आवाज फुटला. ती ओरडून रडली, जमिनीवर बसून, रिकामा लोटा पोटाशी धरून. आणि पार्वताबाई तिचं डोकं आपल्या भोकं पडलेल्या लुगड्यात घेऊन तिला हलवत राहिली. तो आवाज टोल्यातल्या घराघरात ऐकू गेला. बाया हातातलं काम टाकून दारात आल्या, पण पुढे कोणी गेलं नाही. तो गेला त्या संध्याकाळी सगळा टोला अंधारात बसला होता. या वेळी दिवा कोणी बंद केला नाही.